कंट्रोलची काच

जालना
९ नोव्हेंबर २०२५

मॅडमना कल्याणचा नमस्कार.

अक्षर ओळखलं असेल. एकोणीस वर्षं तुमच्या लॅबच्या रजिस्टरात हेच अक्षर होतं. पत्ता उषाबाईंकडून घेतला. लॅबची झाडलोट सुटली तरी त्या दर दिवाळीला तुम्हाला फोन करतात, आणि त्यांचा तेवढा तुम्ही उचलता, असं म्हणाल्या. मी दोनदा केल्ता. तुम्ही उचलला नाही. बरंच झालं, कारण जे लिहायचंय ते मला फोनवर बोलता आलं नसतं.

मी सध्या भोकरदन नाक्याकडच्या एका लॅबमध्ये आहे. काम तेच. गाठीचा तुकडा मेणात बसवून ब्लॉक करायचा, त्याचे पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. इथले डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. तुमच्यासारखं चहा घेता घेता काच पुढं करून "कल्याण, काय दिसतंय सांग" असं मात्र कुणी म्हणत नाही.

लिहायचं कारण शहागडच्या दैवशालाबाई. मानेत गाठ होती. आपण लिम्फोमा म्हणून रिपोर्ट दिला. सहा महिने त्याची औषधं चालली, आणि मग संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच गाठीची तपासणी परत झाली, तेव्हा तो नाकाच्या मागून आलेला कार्सिनोमा निघाला. तोवर तो हाडांत गेल्ता. एप्रिल २०२३ मध्ये त्या वारल्या. तुम्ही घरच्यांना लिहून दिलं, "काच वाचण्यात माझी चूक झाली," आणि जूनमध्ये लॅबला कुलूप लावून मुलाकडे, सुयशकडे, नाशिकला गेलात. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण यापुढचं त्याच्याशिवाय लिहिता येत नाही.

त्यांची मुलगी तृप्ती तुमचा पत्ता शोधून राह्यलीय.

शहागडला हायवेवर त्यांची खानावळ आहे. आई चालवायची, आता तृप्ती चालवते. वडील तातेराव गिऱ्हाइकाला पाणी देतात, भांडी उचलतात. गावाकडं जाताना मी अधूनमधून तिथं जेवतो. गेल्या मंगळवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं एक फाइल माझ्यासमोर ठेवली.

"काका, तुम्ही शिकलेले आहात. हे जरा वाचून सांगा."

आपलाच रिपोर्ट. खाली तुमची सही, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, तंत्रज्ञ: के. टी.

"हे केराटिन निगेटिव्ह लिहिलंय, म्हंजे काय?"

मला जमेल तसं सांगितलं. केराटिन हे एक प्रोटीन आहे. आपली नखं, केस त्याचेच. कातडीच्या आणि नाक, तोंड, आतडं यांच्या अस्तराच्या पेशींतही त्याचे बारीक धागे असतात. अँटिबॉडी म्हणून एक औषध मिळतं, लहान बाटलीत, ते फक्त केराटिनलाच चिकटतं. चिकटलं तिथं तपकिरी रंग येतो, बाकीचं निळं राहतं. गाठीतल्या पेशी तपकिरी झाल्या, तर रोग अस्तरातून आलाय, कार्सिनोमा आहे. नाही झाल्या, तर दुसरं काही असू शकतं, लिम्फोमा, म्हणजे गाठीतच सुरू झालेला कॅन्सर, वगैरे. दोन्हींचे इलाज वेगळे.

"मंग आईच्या गाठीत तपकिरी आलं न्हाई?"

"रिपोर्टात तसं लिहिलंय."

"आन् संभाजीनगरला आलं."

"हो."

"गाठ तीच. मंग एका जागी येतं आन् दुसऱ्या जागी न्हाई, असं कसं?"

तातेराव तांब्या घेऊन आले. म्हणाले, "कशाला त्यांना तरास देऊन राह्यलीस? त्या बाईनं लिहून दिलंय ना, चुकलं म्हणून."

"कसं चुकलं ते कुठं लिहिलंय, आबा? मला त्यांना समोर बसवून विचारायचंय."

मी पत्ता काढून देतो म्हणालो. देऊ का, ते कळवा. तब्येतीला जपा.

तुमचा
कल्याण तौर


जालना
३० नोव्हेंबर २०२५

मॅडम,

तुमचं उत्तर आलं नाही. पण मागच्या पत्रात मी एक गोष्ट वळवून लिहिली आणि एक दाबून ठेवली, त्या सरळ केल्याशिवाय तुमच्या उत्तराची वाट बघणं बराबर नाही.

एक. गावाकडं जाताना अधूनमधून, असं लिहिलं ते खोटं. माझं गाव जांब समर्थच्या पलीकडं. अंबडवरून मी त्या वाटेला वळतो, शहागड लागतच नाही. दोन वर्षं झाली, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी मोटारसायकलवर मुद्दाम तिथं जातो. जेवतो, हात धुतो, परत येतो. एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत आहे असं सांगितलंय. का जातो ते मला नीट सांगता येत नाही. पहिल्यांदा गेल्तो तेव्हा सांगायचंच म्हणून गेल्तो. तिनं ताट आणून ठेवलं, भाकरी गरम आहे म्हणाली, आणि मी जेवायला लागलो.

दुसरी गोष्ट १८ मे २०२२ ची. त्या दिवशी तुम्ही कॉन्फरन्सला संभाजीनगरला होता. दैवशालाबाईंच्या काचा रंगवायला मी सकाळी केराटिनची बाटली फ्रीजमधून काढली. काचा उकळायला कुकर लावायचा, तर लाइट गेली. अकरापर्यंत आली नाही. मला गावी जल्दी पोचायचं होतं, पुतण्याची हळद होती. काम उद्यावर टाकलं, कुलूप लावलं, गेलो. बाटली टेबलावर राहिली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आलो. बाटली तिथंच. आठवतो ना तो मे महिना, त्रेचाळीसच्या वर होतं, आणि वर पत्रे. बाटली हातात घेतली तर कोमट लागली. एका दिवसानं काय होतं, असं म्हणालो आणि तीच वापरली.

कंट्रोल म्हणून नेहमीसारखी कातडीची काच बरोबर लावली होती. कातडीत केराटिन असतंच, ती गडद तपकिरी यायलाच पाहिजे. ती आली जवळजवळ निळी. कुठंतरी धुतल्यासारखा पिवळट डाग. दैवशालाबाईंची काच तर पूर्ण निळी. याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. बाटली मेलीय, आणि त्यांच्या काचेवरून काहीच ठरवता येत नाही.

तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. पण नवी बाटली यायला आठ दिवस लागायचे, आणि तुम्ही संध्याकाळी रिपोर्ट देते म्हणून शब्द दिलेला. तातेराव खाली बाकावर सकाळपासून बसलेले. आणि बाटली कुणी बाहेर ठेवली, ते सांगावं लागलं असतं. मी डब्यातून मागच्या महिन्याची एक चांगली रंगलेली कंट्रोलची काच काढली, तिच्यावरचा पेन्सिलचा नंबर पुसला, त्या दिवसाचा घातला, आणि ट्रेमध्ये ठेवली.

तुम्ही विचारलंत, "कंट्रोल?"

मी म्हणालो, "बराबर आहे मॅडम."

तुम्ही सही केलीत.

त्या दिवशी त्या बाटलीवर ती एकच केस होती. बाटली मी फेकून दिली, नवी मागवली. पण रिपोर्ट गेलेला होता, त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत तेव्हा मी समोर उभा होतो. उषाबाई रडत होत्या. तुम्ही मला म्हणालात, "तुला कुठंही काम मिळेल, मी चिठ्ठी देते." ती चिठ्ठी दाखवूनच मी इथं लागलो.

परवा मंगळवार आहे. शहागडला जाणार नाही.

कल्याण


नाशिक
८ डिसेंबर २०२५

कल्याण,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला मी उत्तर देणार नव्हते.

तू दुसऱ्या पत्रात लिहिलंस ते मला माहीत आहे. जानेवारी २०२३ पासून माहीत आहे.

संभाजीनगरचा रिपोर्ट आला त्या दुपारी मी त्या केसच्या काचा कपाटातून काढल्या. कंट्रोलची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. पहिल्यांदा. हा शब्द नीट वाच. ज्या दिवशी सही केली, त्या दिवशी मी ती काच पाहिलीच नव्हती. आणि ते त्या एकाच दिवसाचं नव्हतं. कितीतरी वर्षं मी तुला "कंट्रोल?" असं विचारायचे, तू "बरोबर" म्हणायचास, आणि मी पुढची काच उचलायचे. आधी कंट्रोल स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच पेशंटची काच, हे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलं.

काचेवरची कातडी जुन्या ब्लॉकची होती. त्या मे महिन्याच्या सुरुवातीलाच मी कंट्रोलसाठी नवा ब्लॉक घेतला होता, तुझ्याच हातून. तेव्हा बघितली असती तर एका नजरेत कळलं असतं. मग काच उजेडात तिरकी धरली. तुझ्या नंबराखाली आधीच्या नंबराचा ओरखडा होता.

मी तुला बोलावून विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न माझ्याकडे आला असता, की मॅडम, तुम्ही सही करताना काय पाहिलंत? त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. म्हणून मी "वाचण्यात चूक" असं लिहून दिलं. वाचण्यात चूक कुणाचीही होते. काच पाहिलीच नाही, ही चूक नव्हे, आणि ते मी लिहिलं नाही. लोकांना माझं वागणं मोठेपणाचं वाटलं. सुयशला अजून वाटतं. मी ते वाटू दिलं.

तुझ्या पत्राची वाट पाहत होते, असं म्हटलं तर खोटं ठरेल. ते येऊ नये असंच वाटत होतं.

आता एक विचारते. रिपोर्ट गेल्यावर करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, असं तू लिहितोस. नवी बाटली कोणत्या तारखेला आली?

पत्ता त्या मुलीला दे. पण त्याआधी तू तिला सांग, समोर बसून. माझ्या वाट्याचंही सांग. हे पत्र तिच्या हातात दे, तिला त्याचा जो उपयोग करायचा असेल तो करू दे.

प्रेमला जिंतूरकर


जालना
१४ डिसेंबर २०२५

मॅडम,

सत्तावीस मे.

दैवशालाबाईंचा ब्लॉक तेव्हा कपाटातच होता. अर्ध्या दिवसाचं काम. त्यांचं केमोचं पहिलं सलाइन दोन जूनला लागलं, हे मला गेल्या महिन्यात तृप्तीच्या फाइलमधून कळलं. म्हणजे मधे सहा दिवस होते.

मी नवी बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि पुढच्या केसला वापरली. रंग उत्तम आला. तुम्ही म्हणालात, "ही बाटली छान आहे."

जानेवारीच्या सहा तारखेला, मंगळवारी, शहागडला जातो.

कल्याण


जालना
१८ जानेवारी २०२६

मॅडम,

सांगून आलो. त्याला बारा दिवस झाले. लिहायला आज बसलो.

त्या दिवशी मी दुपारी तीनला पोचलो. एक ट्रक ड्रायव्हर तेवढा जेवत होता. तृप्ती ताट वाढायला लागली तर नको म्हणालो. तातेरावांनाही बसायला सांगितलं. मग माझं पुरं नाव सांगितलं, आणि रिपोर्टवरचा के. टी. मीच, हे सांगितलं. बाटलीचं, काचेचं, सत्तावीस तारखेचं, सगळं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोलणं झालं नसतं.

तातेराव उठले आणि बाहेर गेले. रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राह्यले.

तृप्तीनं तुमचं पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. पहिली गोष्ट ती ही बोलली, "दोन वर्षं तुम्ही आमच्याकडं जेवून गेलात."

"हो."

"गरम भाकरी वाढायची मी तुम्हाला. शेवटी वाढायची, तुम्ही सावकाश जेवता म्हणून."



मग तिनं विचारलं, "ती बाटली थंड राह्यली असती तर आई वाचली असती?"

"खात्रीनं सांगता येत नाही. पण या आजारात रेडिएशनचा शेक दिल्यावर बरे होणारे बरेच असतात. तेव्हा गाठ मानेतच होती."

"आन् सत्तावीस तारखेला?"

"तेव्हाही मानेतच होती."

ड्रायव्हरनं भाजी मागितली. ती उठली, त्याला वाढलं, पाणी दिलं, आणि परत येऊन बसली. फाइलमधून प्लास्टिकची एक लहान पिशवी काढली. "हे संभाजीनगरहून कागदांसंगं परत दिल्तं. हे काय हाय?"

दैवशालाबाईंचा ब्लॉक होता. मेणाची चौकोनी वडी, आणि मधे नखाएवढा करडा तुकडा. मी सांगितलं, हा त्या गाठीचाच उरलेला भाग आहे. म्हणजे त्यांच्या अंगाचाच. ती पिशवी टेबलावर ठेवणार होती, ती तिनं हातातच धरली. मग हाक मारली, "आबा." तातेराव आत आले. तिनं त्यांना दाखवलं. त्यांनी ती दोन बोटांत धरून उजेडाला नेली.

"मला बघायचंय," तृप्ती म्हणाली. "तुम्ही केलं तसं न्हाई. करायला पाह्यजे होतं तसं, माझ्यासमोर करा."

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत राह्यले. म्हणाले, "त्या मुलीला घेऊन ये. तुझं आपण नंतर बोलू." शनिवारी ती एकटीच आली. माझ्या हातांकडं बघत चार तास स्टुलावर बसून होती. ब्लॉक बर्फावर ठेवला तेव्हा विचारलं, कशाला. काप पाण्यावर तरंगला तेव्हा उठून जवळ आली. बाटली फ्रीजमधून काढली, थेंब टाकले, लगेच आत ठेवली, तेव्हा फ्रीजचं दार लागेपर्यंत बघत राह्यली.

डॉक्टरांनी आधी कंट्रोलची काच लावली आणि तिला बघायला सांगितलं. कातडी गडद तपकिरी. "असं आलं म्हणजे बाटली चांगली आहे. आता दुसरी बघायची," असं त्यांनी समजावलं. मग दैवशालाबाईंची काच. मी मागं उभा होतो, मला दिसत नव्हतं, पण दिसायची गरज नव्हती.

"हे निळे ठिपके कशाचे?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "त्या चांगल्या पेशी. मधे तपकिरी पुंजके आहेत, तो रोग."

तिनं डोळा काढला नाही. मग म्हणाली, "एवढं सोपं हाय?" आणि आमच्याकडं बघून परत म्हणाली, "मला काहीच येत न्हाई यातलं. तरी मला दिसून राह्यलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मी बाहेर जाऊन उभा राह्यलो.

माझा जबाब मी लिहून, सही करून तिला दिलाय. तुमचं पत्र आणि तो, दोन्ही ती मेडिकल कौन्सिलला पाठवतेय. ब्लॉक ती परत घेऊन गेली. तातेरावांना तो गोदावरीत सोडायचाय. ती त्यांना म्हणाली, चौकशी होऊ द्या, मंग सोडू.

डॉक्टरांनी मला एक फेब्रुवारीपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही. मला त्यात चूक वाटत नाही. घरी बेबीनंदाला सांगितलं. बायको असून इतकी वर्षं तिला मी हे बोललो नव्हतो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "आणखी कुणाचं असं केलंय का?" नाही म्हणालो. मला स्वतःला माहीत होतं, तरी उषाबाईंकडून तुमच्या बंद लॅबची चावी घेतली, बेबीनंदाला घेऊन गेलो आणि त्या वर्षाची रजिस्टरं तिच्यासमोर पानं उलटून बघितली. त्या मेलेल्या बाटलीवर एकच केस होती.

शनिवारी मी तृप्तीला बसस्टँडपर्यंत सोडायला निघालो तर नको म्हणाली. लॅबच्या जिन्यात थांबून बोलली.

"तुम्ही आता आमच्याकडं जेवायला येऊ नका."

"नाही येणार."

"रागानं म्हणून न्हाई. तुम्ही समोर बसले तर मला वाढता येणार न्हाई."

मग म्हणाली, "बाईंना सांगा, मी नाशिकला येणार न्हाई. त्यांनी यावं. त्यांनी काच बघितली न्हाई, हे आबाला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. कागदावरचं आबानं पह्यलंही एकदा ऐकलंय. येणार असतील तर मला फोन करायला सांगा, मी घ्यायला येते."

तिचा नंबर पत्राच्या मागं लिहिलाय. संभाजीनगरहून बीडकडं जाणारी कुठलीही गाडी शहागडला थांबते. पुलाच्या अलीकडं उतरा. दुपारी तीननंतर गर्दी नसते, बोलता येईल.

मी तिथं नसेन.

कल्याण